वाचकांचे प्रश्न : तारे, बिल्ले आणि अभ्यासाची गोडी

मागील अंकात आम्ही गेमिफिकेशनविषयी, म्हणजे खेळ नसलेल्या कामात गुण, पातळ्या, बिल्ले, चढाओढ असे खेळातले घटक वापरण्याविषयी, वाचकांचे अनुभव आणि अडचणी मागवल्या होत्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतली पाच येथे संक्षेपाने देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, पारोळा तालुका) : जूनमध्ये तिसरीच्या वर्गात भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावला. गृहपाठ, हजेरी, शुद्धलेखन, पाढे, गोष्टीचे वाचन या प्रत्येकासाठी एक तारा, आणि महिनाअखेर सर्वाधिक तारे मिळवणाऱ्याला ‘महिन्याचा हिरो’ असा बिल्ला. पहिले दोन महिने वर्गाचा नूरच पालटला. दिवाळीनंतर मात्र तीच सहा-सात मुले वर राहिली, बाकीची तक्त्याकडे बघतही नाहीत, आणि कोणतेही काम सांगितले की आधी प्रश्न येतो, “मॅडम, याले स्टार शे का?” तक्ता काढून टाकावा का?

उत्तर : तक्ता काढावाच, पण उद्या सकाळी फाडून नव्हे. तो कशाने बिघडला हे आधी पाहू, म्हणजे त्यातले काय राखायचे तेही कळेल.

तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न व्यवहाराला धरून आहे. पाच महिने आपण त्याला प्रत्येक कामाचा भाव सांगत आलो, आणि आता भाव विचारल्याशिवाय तो गाडीतला माल उतरवत नाही, यात त्याचा काही दोष नाही. या बिघाडाचा अभ्यास पन्नास वर्षांपूर्वीच झालेला आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतील अशी मुले निवडली होती, जी रंगीत पेनांनी चित्रे काढण्यात आपण होऊन रमत असत. काही मुलांना चित्र काढल्यास सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले आणि तसे ते दिले. काहींना आधी काहीच न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना काही दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतर मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. तारा दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता, फरक होता तो ‘हे केलेस तर ते देईन’ या आधीच्या बोलीचा.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे याची जी मीमांसा केली, ती शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बक्षिसाला दोन अंगे असतात. एक अंग मुलाला काहीतरी कळवते (‘तुला हे आता येते’), तर दुसरे त्याला हाकते (‘हे कर, नाहीतर मिळणार नाही’). ज्या बक्षिसात दुसरे अंग वरचढ होते, ते आतली गोडी खाऊन टाकते. रिचर्ड कोस्टनर यांच्यासह त्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांचा तोटा मोठ्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान मुलांना अधिक होतो, असे दिसले. त्याच तपासणीतली दुसरी गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे : जे काम मुळातच कंटाळवाणे आहे, त्यावरच्या बक्षिसाने गोडी घटल्याचे आढळले नाही, कारण घटायला तिथे गोडीच नव्हती. म्हणून पाढ्यांच्या घोकंपट्टीला तारा दिला तर फारसे बिघडणार नाही, परंतु गोष्टीच्या वाचनाला मात्र तो देऊ नये.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत मी वाचनाचे तारे सुरू केले होते, एका पुस्तकाला एक तारा. पंधरा दिवसांत वाचनपेटीतली सगळी पातळ पुस्तके फिरू लागली आणि जाडजूड पुस्तके तळाशी गेली. एक मुलगा इसापनीतीचे मोठे पुस्तक महिनाभर मन लावून वाचत होता. महिनाअखेरीला त्याच्या नावापुढे एक तारा होता आणि पाने नुसती उलटून परत करणाऱ्या मुलाच्या नावापुढे चौदा. त्याने ते पुस्तक अर्ध्यावर आणून ठेवले. मी जे मोजत होतो तेच मुलांनी केले, आणि मी पुस्तके मोजत होतो, वाचन नव्हे.

तुमच्या पत्रात ‘दिवाळीनंतर’ हा शब्द आहे, त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. आपल्या भागात दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात असते आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात. मागे पडलेल्या मुलांची हजेरी एकदा या दृष्टीने तपासून पाहावी. ज्या घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला तिसरीतली मुलगी राहते, तिचा हजेरीचा तारा जातो तो तिच्या आळसामुळे नव्हे, आणि भिंतीवरची रिकामी चौकट मात्र रोज सगळ्या वर्गासमोर तिच्याविषयी वेगळेच सांगत असते. हजेरीचा तारा आधी बंद करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता चढाओढीचा भाग. चढाओढ वाईट असे मी म्हणत नाही. यात्रेतल्या कुस्त्या आठवून पाहाव्यात. दंगल सुरू होते ती चिमुरड्या पोरांच्या रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्यांनी, आणि मोठ्या इनामाची कुस्ती येते ती अगदी शेवटी. मधल्या सगळ्या वेळात पंचांचे खरे काम असते जोड लावण्याचे. अंगापिंडाने आणि ताकदीने तोलामोलाचा गडी समोर नसेल तर कुस्ती लावतच नाहीत, कारण एकतर्फी कुस्ती ना लढणाऱ्याला हवी असते ना बघणाऱ्याला. तुमच्या तक्त्याने तिसरीच्या सगळ्या मुलांची एकच कुस्ती लावली आणि तीही वर्षभराची. जो ऑगस्टमध्ये वीस ताऱ्यांनी मागे आहे, त्याने हिशेब करून आखाड्याबाहेर जाणे पसंत केले, हे त्याच्या अकलेचेच लक्षण मानावे लागेल.

तेव्हा असे करून पाहावे. मुलांना विश्वासात घेऊन सांगावे की हा महिना संपला की तक्ता उतरेल. त्यानंतर प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा स्वतःचा जिना काढून द्यावा, जो इतर कोणाच्या जिन्याशेजारी टांगलेला नसेल, आणि पायरी रंगवण्याचे काम मुलाने स्वतः करून तुम्हाला दाखवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांचे केलेले मूल्यमापन असावे असे म्हटले आहे, त्याची ही सोपी सुरुवात होईल. पायरीचे नाव ‘उत्तम’ किंवा ‘हिरो’ असे नसावे, तर ‘सातचा पाढा उलटा म्हणतो’, ‘अनोळखी उतारा न अडखळता वाचते’, ‘हातच्याची वजाबाकी दुसऱ्याला समजावून देतो’ असे असावे. हे नाव वाचून मुलाच्या आईलाही मूल कुठे पोचले ते कळते. शेवटची पायरी मुद्दाम सुचवली आहे, कारण दुसऱ्याला शिकवल्यावर मिळणारी खूण वर्गात भिंती उभ्या करीत नाही.

भिंत मोकळी होईल तिचे काय करावे, यासाठी शेजारच्या अमळनेरचेच उदाहरण देतो. साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात असताना मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. गुण किंवा क्रमांक काही नसताना मुले ते वाचत. तुम्हाला रोज शक्य नाही, पण आठवड्याला एक पान हाताने लिहून त्यात चार-पाच मुलांनी काय केले ते एकेका वाक्यात नोंदवणे, आणि महिनाभरात वर्गातले प्रत्येक नाव एकदा तरी त्यात येईल याची आपल्यापुरती यादी ठेवणे, एवढे जमण्यासारखे आहे. कोणाचे नाव कधी येईल हे आधी सांगू नये. लेपर यांच्या प्रयोगातला तो दुसरा गट हाच.

प्रश्न (प्राध्यापक, जळगाव) : आमच्या महाविद्यालयात ठिबक संचाची देखभाल, मातीपरीक्षणासाठी नमुना घेणे अशा छोट्या कार्यशाळा होतात. प्रमाणपत्राऐवजी डिजिटल बॅज द्यावा असा प्रस्ताव आहे. हा प्रमाणपत्राचाच रंगीत अवतार आहे की त्यात काही वेगळे आहे? आणि मुलांना त्याची ओढ लागेल का?

उत्तर : दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पहिल्याचे ‘वेगळे आहे, पण तुम्ही ते वेगळे केले तरच’ असे आहे.

डिजिटल बॅज दिसतो चित्रासारखा, परंतु ‘ओपन बॅजेस’ या खुल्या मानकाप्रमाणे बनवलेल्या बॅजच्या चित्रातच माहिती भरलेली असते : तो कोणी दिला, कोणाला दिला, कोणत्या तारखेला दिला, मिळवण्यासाठी नेमके काय करावे लागले, आणि ते केल्याचा पुरावा कुठे आहे. मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने २०११ मध्ये हे काम हाती घेतले आणि २०१३ मध्ये मानकाची पहिली आवृत्ती आली. २०१७ मध्ये ते आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेले, जी आता वनएडटेक या नावाने ओळखली जाते. मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत बॅजवर अशी डिजिटल सही असते की मजकुरात फेरफार झाल्यास ती पडताळणीत उघडी पडते. पीडीएफ प्रमाणपत्रावरचे नाव बदलणे किती सोपे असते, हे नोकरीसाठी अर्ज तपासणाऱ्यांना विचारावे.

पण ही सगळी यंत्रणा पोकळ माहितीही तितक्याच इमानाने वाहून नेते. ‘ठिबक कार्यशाळेत सहभाग’ असे लिहिलेला बॅज पडताळून पाहिला तर पडताळणीतून निष्पन्न एवढेच होईल की विद्यार्थी त्या दिवशी सभागृहात बसला होता. याउलट निकषांच्या जागी असे लिहावे : सँड फिल्टरचे बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून सफाई) केले, स्क्रीन फिल्टर काढून धुतला, फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजून नोंदवला, लॅटरलची, म्हणजे पिकाच्या ओळींतून जाणाऱ्या बारीक नळ्यांची, टोके उघडून गाळ जाऊ दिला, शेताच्या निरनिराळ्या भागांतल्या ड्रीपरखाली मापे ठेवून ठरावीक वेळात पडलेले पाणी मोजले आणि फरक कशामुळे पडला ते सांगितले. पुरावा म्हणून त्या नोंदींच्या तक्त्याचा आणि मापांचा फोटो जोडावा. यावल किंवा रावेरच्या ज्या बागायतदाराला संच सांभाळणारा माणूस हवा आहे, त्याला बॅजवर टिचकी मारून हे वाचता आले तर पदवीपेक्षा त्याचे मोल त्याला जास्त वाटेल. तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक घेणारा परीक्षक कार्यशाळा घेणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. स्काऊट-गाईड चळवळीत प्रावीण्य पदकांसाठी चाचणी घेण्याची आणि मग ते पदक गणवेशावर लावण्याची रीत आहे, आणि डिजिटल बॅजचा खरा पूर्वज तोच आहे, व्हिडिओ गेम नव्हे.

साधनाची चिंता करू नये. तुमच्याकडे मूडल (ऑनलाईन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली) असेल तर २०१३ पासून त्यात बॅज देण्याची सोय आहे, वेगळे पैसे मोजायला नकोत. मात्र एक खबरदारी घ्यावी. बॅज साठवण्यासाठी मोझिलाने सुरू केलेली ‘बॅकपॅक’ सेवाही पुढे बंद होऊन वापरकर्त्यांना दुसऱ्या सेवेकडे जावे लागले, तेव्हा कोणत्याही कंपनीच्या भरवशावर सगळे न सोडता दिलेल्या प्रत्येक बॅजची नोंद महाविद्यालयाच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये, होय, कागदाच्या रजिस्टरमध्येसुद्धा, ठेवावी.

ओढ लागेल का? इथे दोन अभ्यास शेजारी ठेवतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजाराहून अधिक विद्यार्थी होते. ते एकमेकांसाठी बहुपर्यायी प्रश्न तयार करून सोडवीत असत. ज्यांना बॅज दिसत होते त्यांनी लक्षणीयरीत्या अधिक उत्तरे दिली, अधिक दिवस काम केले आणि कामाचा दर्जा घसरला नाही. याउलट मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात सोळा आठवडे बॅज आणि क्रमवारीचा फलक वापरलेल्या वर्गाची गोडी, समाधान आणि अंतिम परीक्षेतले गुण हे साध्या वर्गापेक्षा कमी निघाले. मला या दोहोंत विरोध वाटत नाही. ऑकलंडचे बॅज केलेल्या कामाची नोंद करीत होते आणि मनात आले तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत होते. दुसऱ्या ठिकाणी फलकावर सगळ्यांची तुलना मांडलेली होती आणि त्यातून बाहेर राहण्याची वाट नव्हती. तुमचा बॅज ऐच्छिक ठेवावा, त्याला अंतर्गत गुण जोडू नयेत आणि वर्षाला चाळीस प्रकारचे बॅज काढू नयेत. सहा पुरेत. त्यानंतरही ओढ लागली नाही, तर कार्यशाळेतच काही उणे आहे का ते पाहावे लागेल.

प्रश्न (केळी उत्पादक पालक, रावेर तालुका) : माझी आठवीतली मुलगी मोबाईलवरील अ‍ॅपमधून इंग्रजी शिकते. रोज धडा केला की दिवसांची साखळी वाढते. एकशे चाळीस दिवस झाले होते. चुलतभावाच्या लग्नात हळदीच्या रात्री मोबाईल बंद पडला आणि साखळी तुटली. दोन दिवस मुलगी जेवली नाही, आणि आता अ‍ॅप उघडतच नाही. चूक मोबाईल हातात देण्यात झाली का?

उत्तर : दादा, तुमची चूक नाही आणि मुलीचीही नाही. एकशे चाळीस दिवस नेमाने अभ्यास करणारी मुलगी घरात आहे, याचे आधी तिला कौतुक सांगावे, आणि तेही ‘तू हुशार आहेस’ असे नव्हे तर ‘तू नेम धरलास’ असे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत हुशारीची तारीफ झालेली पाचवीची मुले पुढे सोपे काम निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर खचली, तर मेहनतीची तारीफ झालेली मुले अवघड कामाला धजली, असे दिसले आहे.

साखळीची रचना माणसाच्या एका ठाऊक असलेल्या स्वभावावर बेतलेली असते. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये हरवल्याचे दुःख जास्त तीव्र असते. पहिले दहा दिवस साखळी मुलीला पुढे ओढते. शंभराव्या दिवशी मात्र ती शिकण्यासाठी अ‍ॅप उघडत नाही, गमावू नये म्हणून उघडते, आणि मग सर्वांत सोपा धडा पटकन उरकून दिवस वाचवणे हाच अभ्यास होऊन बसतो. मागच्या महिन्यात तिने कोणते धडे केले ते एकदा तिच्या शेजारी बसून पाहावे. जुनेच सोपे धडे पुन्हा पुन्हा दिसले तर साखळी तुटली हे बरेच झाले.

पुन्हा सुरुवात करायची असल्यास नेम आठवड्यातून पाच दिवसांचा ठेवावा आणि नोंद अ‍ॅपमध्ये न ठेवता घरच्या कालनिर्णयवर तिनेच करावी. कॅलेंडरवर लग्न, आखाजी, कानबाई हे सगळे आधीच छापलेले किंवा लिहिलेले असते, त्यामुळे सुट्टीचा दिवस हा नेम मोडल्याचा दिवस वाटत नाही. आणि शिकलेल्या इंग्रजीला घरात काहीतरी काम द्यावे : खताच्या गोणीवरचा, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा इंग्रजी मजकूर तिने वाचून तुम्हाला मराठीत सांगावा. त्या डब्यावरच्या सूचना नीट समजणे तुमच्याही गरजेचे आहे.

प्रश्न (खाजगी शाळेचे मुख्याध्यापक, धुळे) : एका कंपनीचे प्रतिनिधी आले होते. सर्व विद्यार्थ्यांचे गुण आणि बॅज शाळेच्या दर्शनी भागातील पडद्यावर सतत दिसतील आणि पालकांनाही संदेश जातील, अशी त्यांची प्रणाली आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. तुलनेच्या फलकाबद्दल वर लिहिलेच आहे, त्यात पडदा दर्शनी भागात म्हणजे गावासमोर. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत पालकांची पडताळता येणारी संमती हे तत्त्व मानले आहे. शाळांना काही बाबतीत सवलत असली तरी ती बाहेरच्या कंपनीला वाटेल ते करू देण्याची सवलत नव्हे. प्रतिनिधी पुन्हा आले तर तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : मुलांची माहिती कुठे साठवली जाते, करार संपल्यावर ती कधी पुसली जाते, आणि क्रमवारी पूर्णपणे बंद करून प्रणाली चालवता येते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर चहा पाजून निरोप द्यावा.

प्रश्न (शिक्षक, अक्राणी तालुका) : आमच्याकडे नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळते. मुले घरी पावरी बोलतात, पहिली-दुसरीत मराठी नवीनच असते. प्रशिक्षणात बॅज, क्विझ, पॉइंट असे सगळे ऐकून आलो, पण आमच्या वर्गात यातले काय चालेल?

उत्तर : गुरुजी, मोबाईलवाल्या शाळांपेक्षा तुमच्याकडे एक अडचण कमी आहे, असे मी अर्धवट गमतीने म्हणेन. बाकी अर्धे खरेच आहे.

प्रश्नमंजूषेसाठी मुलांच्या हातात यंत्र असण्याची गरज नाही. प्लिकर्स नावाच्या पद्धतीत प्रत्येक मुलाकडे चौरस नक्षीचा कागद असतो, जो फिरवून धरला की वर आलेली बाजू हे त्याचे उत्तर, आणि शिक्षकाच्या एकाच मोबाईलचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरे टिपतो. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते आणि कोण चुकले हे वर्गाला कळत नाही. त्याला नेटवर्क लागतेच, त्यामुळे तुमच्याकडे तेही रोज चालणार नाही. पण त्यातली कल्पना उचलता येते : चार रंगांच्या चार चिठ्ठ्या प्रत्येकाला द्याव्यात, डोळे मिटून उत्तराचा रंग उंचावायला सांगावे, आणि तुम्ही नजर फिरवावी. किती जणांना समजले हे अर्ध्या मिनिटात कळते.

बिल्ल्यांचे म्हणाल तर ते पुठ्ठ्याचे करावेत आणि त्यावर अक्षरांऐवजी चित्र असावे, म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही आपण काय मिळवले ते ओळखता येईल. सुरुवात कशी करावी याबद्दल एक प्रयोग सांगतो. जोसेफ नुनेस आणि झेवियर ड्रेझ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर गिऱ्हाइकांना शिक्क्यांची कार्डे दिली. काहींच्या कार्डावर आठ रिकाम्या चौकटी होत्या. इतरांच्या कार्डावर दहा, परंतु दोनांवर आधीच शिक्का मारलेला. दोघांनाही आठच शिक्के मिळवायचे होते, तरीही पहिल्या गटातल्या १९ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले. आपण आधीच वाटेला लागलो आहोत असे वाटले की माणूस चालत राहतो.

तुमची मुले तर खरोखरच वाटेला लागलेली असतात, आपली कार्डे मात्र त्यांना शून्यावर उभे करतात. पहिलीत आलेल्या मुलाला शेळ्या मोजता येतात, आठवडे बाजारातली नाणी ओळखता येतात, झाडे पानांवरून सांगता येतात, पावरीत लांबलचक गोष्ट सांगता येते. पहिले दोन-तीन बिल्ले याच गोष्टींचे असावेत आणि ते पहिल्याच आठवड्यात, खरोखर करून दाखवल्यावर द्यावेत, फुकट नव्हेत. त्यापुढचा बिल्ला त्याच गोष्टीतले दहा शब्द मराठीत सांगण्याचा, त्यापुढचा ते शब्द लिहिण्याचा. मोठ्या मुलांसाठी पावरी-मराठी शब्दांची एक वही वर्गात ठेवावी आणि त्यात घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वीस नवे शब्द भरणाऱ्याला ‘शब्द आणणारा’ अशी खूण द्यावी. शब्द बरोबर आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिथे तुमच्याकडे नसून मुलांकडे राहील, आणि तो त्यांच्याकडे राहू द्यावा.

वर्षअखेरीला ही वही भरली तर आमच्याकडे तिची एक प्रत पाठवावी. टपालानेच पाठवावी, टेकडी चढण्याची गरज नाही.